तारकांच्या जन्मस्थानीचे चुंबकत्व

रोहिणीच्या उत्तरेस आणि कृत्तिकांच्या पूर्वेस आकाशाचा जो भाग आहे, त्याचे छायाचित्र कित्येक तास काच उघडी ठेवून घेतले असता एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. दाट पेरलेल्या तारकांच्या मधून काळ्या शाईचे ओघळ गेल्यासारखे पट्टे दिसू लागतात आणि त्या पट्ट्यांत तारे जवळजवळ नाहीतच असा भास होतो. अठराव्या शतकात विल्यम हर्शेल यांना असल्या जागा दिसल्या, तेव्हा आकाशाला तेथे भोक पडले असावे असाच त्यांचा समज झाला. अमेरिकेतील एडवर्ड बर्नार्ड यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे या जागांची छायाचित्रे घेण्यात घालविली व १९१९ साली अशा १८२ काळ्या खुणांची यादी प्रसिद्ध केली. हे भोक नसून मध्ये काहीतरी आडवे आलेले आहे, हे तोपर्यंत त्यांस पटू लागले होते. पुढे १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांच्या अंतरांचा हिशेब मांडून, ताऱ्यांमधील अवकाशात प्रकाश अडविणारी सूक्ष्म धूळ पसरलेली आहे, हे सिद्ध केले आणि या वादाचा निकाल लागला. हे काळे पट्टे म्हणजे वायूचे व धुळीचे अतिप्रचंड ढग होत. आणि याच ढगांच्या पोटी नवे तारे जन्मास येतात, याविषयी आज कोणासही शंका उरलेली नाही.

हा जन्म कसा होतो, हे वरवर पाहता अगदी सोपे वाटते. ढगातील प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणास आपल्याकडे ओढीत असतो. ढग पुरेसा मोठा व पुरेसा थंड असला, आणि हे ढग तर बर्फाच्या गोठणबिंदूखाली अडीचशेहून अधिक अंश थंड असतात, म्हणजे तो आपल्याच भाराने आत कोसळू लागावा, मध्यभागी दाट व्हावा, तापावा आणि अखेर पेटावा. परंतु हिशेब करून पाहिला म्हणजे घोटाळा होतो. आपल्या आकाशगंगेत अशा थंड ढगांमध्ये सुमारे शंभर कोटी सूर्य घडतील इतके द्रव्य आहे. त्यास आडकाठी करणारे कोणी नसते, तर काही दशलक्ष वर्षांत ते सारे कोसळले असते. म्हणजे दरवर्षी शंभराहून अधिक सूर्यांइतके द्रव्य ताऱ्यांत रूपांतर पावावयास हवे होते. प्रत्यक्षात आकाशगंगेत वर्षाकाठी एकदोन सूर्यांच्या भाराएवढेच तारे घडतात. ही तफावत १९७४ च्या सुमारास स्पष्टपणे मांडली गेली. याचा अर्थ असा की, ढगांस कोसळू न देणारे, निदान त्यांचा वेग आवरून धरणारे, काहीतरी तेथे आहे. ते काय असावे, याविषयी ज्या दोन तर्कांवर आजवर वाद चालत आला आहे, त्यांतील एक तर्क चुंबकत्वाचा होय. आणि गमतीची गोष्ट ही की, अवकाशातील हे चुंबकत्व ज्यांच्या हाती लागले, ते चुंबकत्व शोधीतच नव्हते.

१९४६ साली यर्कीझ वेधशाळेत सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर एका अत्यंत किचकट गणिताच्या मागे लागले होते. लाहोरास १९१० साली जन्मलेले व मद्रासेस शिकलेले चंद्रशेखर त्या वेळी ऐन पस्तिशीत होते. अतितप्त ताऱ्याच्या वातावरणात मोकळे विद्युत्कण पुष्कळ असतात व त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरला जातो. असा प्रकाश ताऱ्याच्या पृष्ठातून बाहेर पडतो तेव्हा त्याचे ध्रुवीकरण किती झालेले असते, हा तो प्रश्न होता. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी हल्लीचे पोलरॉइडचे चष्मे वापरले असतील. प्रकाशाच्या लहरी साधारणतः सर्व दिशांना कंप पावीत असतात; चष्म्याची ती काच त्यांतील एकाच दिशेच्या कंपनांस वाट देते, जशी खिडकीच्या उभ्या गजांतून ओवलेली दोरी उभीच हलविता येते, आडवी हलविता येत नाही. ज्या प्रकाशात एका दिशेची कंपने अधिक असतात त्यास ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. चंद्रशेखर यांचे उत्तर असे आले की, ताऱ्याच्या अगदी कडेवरून येणारा प्रकाश शेकडा ११ हून अधिक ध्रुवीकृत असावा. मात्र तारा आपल्याला बिंदूवत् दिसतो आणि त्याच्या सर्व कडांचा परिणाम एकमेकांस छेदून शून्य होतो. तेव्हा हे पडताळून पाहण्यास एकच मार्ग होता: ज्या जोडताऱ्यांत एक तारा दुसऱ्यास ग्रहण लावतो, त्यांचे वेध ग्रहणकाळी घ्यावयाचे, म्हणजे केवळ कडेची कोर उरेल आणि परिणाम दिसेल.

या वेधांचे काम जॉन हॉल आणि विल्यम हिल्टनर या दोघा ज्योतिर्विदांनी प्रथम एकत्रच अंगावर घेतले. १९४७ च्या उन्हाळ्यात टेक्सासमधील मॅक्डॉनल्ड वेधशाळेत हॉल यांचे यंत्र लावून दोघांनी प्रयत्न केला. परंतु यंत्राने समाधानकारक साथ दिली नाही. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हॉल वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत गेले, हिल्टनर यर्कीझ व मॅक्डॉनल्ड येथेच राहिले आणि दोघांनीही आपापली स्वतंत्र यंत्रे उभारली. ध्रुवीकरण सापडले, यात संशय नव्हता. परंतु ते ग्रहण असताना जेवढे, तेवढेच ग्रहण नसतानाही! एवढेच नव्हे, तर ज्या ताऱ्यांना ग्रहण लागण्याचा संबंधच नव्हता, अशा शेजारच्या ताऱ्यांच्या प्रकाशातही ते आढळले, आणि पुष्कळदा एकाच दिशेचे आढळले. ज्या ताऱ्याचा प्रकाश मधल्या धुळीने अधिक तांबूस झालेला, त्यातच ते अधिक असण्याचा संभव दिसे. तेव्हा ते ताऱ्यात उत्पन्न होत नसून वाटेत, धुळीत, उत्पन्न होते, हे उघड झाले. हे दोन लेख ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या १९४९ च्या फेब्रुवारीतील एकाच अंकात, एकामागोमाग एक, परंतु स्वतंत्र नावांनी प्रसिद्ध झाले. एकाच यंत्राशी उभे राहून रात्री जागविलेल्या दोघा माणसांचा शोध असा दोन नावांनी विभागून यावा, यातच पुष्कळ काही येऊन गेले. सोव्हिएत संघातील व्हिक्टर डोम्ब्रोव्स्की यांसही त्याच वर्षी आर्मेनियातील ब्युराकान येथे ताऱ्यांच्या प्रकाशात ध्रुवीकरण आढळले होते. त्यांचे नाव मात्र पश्चिमेकडील पुस्तकांत क्वचितच येते. आणि चंद्रशेखर यांचे मूळचे भाकीत? ते खरेच होते, फक्त परिणाम अत्यंत सूक्ष्म होता. अल्गोल या प्रसिद्ध ग्रहणकारी ताऱ्यात तो १९८३ साली सापडला.

धुळीच्या कणांमुळे प्रकाश ध्रुवीकृत होण्यास दोन गोष्टी अवश्य होत्या. एक, कण वाटोळे नसून लांबट असावेत; दुसरी, ते अस्ताव्यस्त नसून सारे एकाच दिशेस तोंड करून असावेत. पहिली गोष्ट मान्य करण्यास अडचण नव्हती. पण प्रकाशवर्षानुवर्षे पसरलेल्या अवकाशातील कणांना कवायतीतल्या शिपायांप्रमाणे एका रांगेत उभे करणारा कोण? लोखंडाचा कीस कागदावर टाकून खाली लोहचुंबक धरणाऱ्या शाळकरी मुलासही याचे उत्तर सुचले असते. लेव्हरेट डेव्हिस व जेसी ग्रीनस्टाईन यांनी १९५१ साली त्यास शास्त्रशुद्ध रूप दिले. कण स्वतः लोहचुंबक असण्याची गरज नाही. ते स्वतःभोवती वेगाने फिरत असतात आणि अवकाशात चुंबकीय क्षेत्र असेल तर हळूहळू त्यांचा फिरण्याचा आस त्या क्षेत्राच्या दिशेस येतो व त्यांची लांबट अंगे क्षेत्राशी आडवी राहतात. अशा कणांच्या गर्दीतून आलेल्या प्रकाशात क्षेत्राच्या दिशेची कंपनेच अधिक शिल्लक उरतात. कणांस वळविण्याचे मुख्य काम ताऱ्यांच्या प्रकाशाचा त्यांच्यावर पडणारा पीळच करतो, असे पुढील संशोधनाने ठरविले आहे. पण ध्रुवीकरणाची दिशा ही चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखविते, हा निष्कर्ष कायम राहिला.

अवकाशातील चुंबकत्वाची कल्पना तोपर्यंत दुसऱ्या एका मार्गानेही येऊन ठेपली होती. स्वीडनमधील हानेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली असे प्रतिपादन केले होते की, ज्या वायूत विद्युत्भारित कण आहेत, त्यात चुंबकीय बलरेषा जणू गोठून बसतात. तारेत मणी ओवावेत तसा वायू बलरेषेत ओवला जातो: मणी तारेवरून मागेपुढे सरकू शकतो, पण त्यास बाजूला खेचावयाचे तर तार त्याबरोबर येते. आणि ताणलेली तार छेडली असता जशी लहर धावते, तशा लहरी या वायूतूनही धावाव्यात. या विचारास पहिल्याने कोणी फारसे मानले नाही. १९४८ साली आल्फव्हेन शिकागोस गेले असता एन्रिको फर्मी यांनी ते ऐकून मान डोलाविली आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या जगानेच मान डोलावयास आरंभ केला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट कशीही असो, १९४९ साली फर्मी यांनी विश्वकिरणांची उपपत्ती लावताना ताऱ्यांमधील अवकाशात अशी क्षेत्रे भटकत आहेत असे गृहीत धरले, हे खरे आहे.

फर्मी आणि चंद्रशेखर हे दोघेही शिकागो विश्वविद्यालयाचे. १९५२-५३ मध्ये त्यांच्या नियमित भेटी होऊ लागल्या आणि त्यांतून १९५३ साली दोन छोटे लेख निघाले. पहिल्यातील युक्ती इतकी साधी आहे की ती आधी कोणास कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. तंबोऱ्याची तार जितकी घट्ट ताणलेली, तितकी ती धक्क्याने कमी वाकते. ताऱ्यांमधील वायू खळबळत असतो आणि त्याच्या धक्क्यांनी बलरेषा वाकतात; त्या किती वाकल्या आहेत हे शेजारशेजारच्या ताऱ्यांच्या ध्रुवीकरणाच्या दिशांतील फरकावरून समजते. वायूचा वेग ठाऊक, घनता ठाऊक, वाकणे ठाऊक. तर तारेचा ताण, म्हणजेच क्षेत्राचे बळ, काढता आले पाहिजे. त्यांचे उत्तर आले सुमारे ७ मायक्रोगॉस, म्हणजे गॉसचे सात दशलक्षांश. आपल्याकडे होकायंत्राची सुई वळविणारे पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ०.४ गॉस असते. अवकाशातील हे क्षेत्र त्याच्या पन्नास हजाराव्या हिश्श्याहून फारसे अधिक नाही. येथे न्यायासाठी एवढे सांगितले पाहिजे की, हीच युक्ती डेव्हिस यांनी १९५१ सालीच योजिली होती. पुष्कळ वर्षे ती फक्त दोघा थोरांच्या नावाने ओळखली गेली. अलीकडे तिघांचीही नावे घेण्याचा प्रघात पडला आहे.

दुसरा लेख ताऱ्यांच्या जन्माशी अधिक निगडित आहे. इतके क्षीण क्षेत्रदेखील ढगाच्या विस्तारात मोठे बळ साठवू शकते, आणि ढगाच्या गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेहून क्षेत्राची ऊर्जा अधिक असेल तर तो ढग कोसळू शकत नाही, हे त्यांनी त्यात दाखविले. आडकाठी करणारा सापडला, असे म्हणावयास येथून जागा झाली.

परंतु आता उलटी अडचण उभी राहिली. आडकाठी फारच भक्कम ठरू लागली. विरळ वायूतून सूर्याएवढे द्रव्य गोळा करावयाचे तर सुमारे सात प्रकाशवर्षे त्रिज्येचा गोल आटवून सूर्याएवढा करावा लागेल. म्हणजे त्रिज्या नऊदहा कोटी पटींनी कमी होईल. बलरेषा वायूत गोठलेल्या असतील तर त्याही दाटतील आणि क्षेत्राचे बळ त्या संख्येच्या वर्गाच्या पटीत वाढेल. असा तारा अब्जावधी गॉसचे क्षेत्र घेऊन जन्मास यावयास हवा. सूर्याचे सर्वसाधारण क्षेत्र तर एखाददुसऱ्या गॉसचे. त्याच्या डागांमध्येसुद्धा ते काही हजार गॉसच भरते. तेव्हा वाटेत कोठेतरी वायूने आपले बहुतेक सारे चुंबकत्व टाकून दिले पाहिजे. कोठे आणि कसे?

लिऑन मेस्टेल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९५६ साली जे उत्तर दिले, ते फार मार्मिक आहे. बलरेषा धरून ठेवतात त्या केवळ विद्युत्भारित कणांना. उदासीन अणुरेणूंचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. आता दाट काळ्या ढगाच्या अंतर्भागी ताऱ्यांचा प्रकाश पोहोचत नाही. तेथे अणूंचे विद्युत्कण सुटे करण्यास विश्वकिरणांखेरीज कोणी नाही. त्यामुळे कोट्यवधी रेणूंमागे एखादाच कण विद्युत्भारित उरतो. उदासीन वायू या तुरळक कणांना घासत, अडखळत, पण हळूहळू आत सरकत राहतो. मातीच्या माठातून पाणी पाझरावे तसा तो बलरेषांच्या जाळ्यातून पाझरतो. माठ जागीच राहतो, पाणी निघून जाते. असा पाझर होण्यास दशलक्षावधी वर्षे लागतात. तारे इतके सावकाश का घडतात, याचेही उत्तर मग आपोआपच मिळाल्यासारखे झाले. १९७६ साली टेलेमाखोस मुशोव्हियास व स्पिट्झर यांनी किती चुंबकत्व किती द्रव्यास तोलून धरू शकते याची नेमकी मर्यादा काढली आणि १९८७ साली फ्रँक शू व त्यांचे सहकारी यांनी या पायावर ताऱ्यांच्या जन्माचा एक सुसंगत आराखडा उभा केला. काही वर्षे तरी तो जवळजवळ सर्वमान्य होता.

पण हे सर्व अवलंबून होते क्षेत्र प्रत्यक्षात किती बळकट आहे यावर, आणि ते मोजणे महाकर्मकठीण होते. ध्रुवीकरणाने दिशा कळे, बळ केवळ तर्काने काढावे लागे. थेट मापाचा उपाय एकच. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या प्रकाशस्रोताच्या वर्णरेषेत बदल होतो का, हे मायकेल फॅरडे यांनी १८६२ साली पाहिले होते. पण त्यांच्या यंत्रास तो दिसला नाही. १८९६ साली पीटर झीमन यांनी लायडन येथे तो दाखविला आणि १९०८ साली जॉर्ज हेल यांनी त्याच्याच आधारे सूर्याच्या डागांचे चुंबकत्व मोजले. १९५१ साली हायड्रोजनची २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर आकाशात सापडल्यावर जॉन बोल्टन व पॉल वाइल्ड यांनी १९५७ मध्ये सुचविले की, तीही चुंबकीय क्षेत्रात दुभंगलेली दिसावी. सुचविणे सोपे होते. या लहरीची कंपनसंख्या दर सेकंदास १४२ कोटींच्या घरात असते आणि एक मायक्रोगॉस क्षेत्राने ती दुभंगते फक्त २.८ कंपनांनी! त्यात वायूच्या खळबळीने ती रेषा मुळातच कित्येक हजार कंपने रुंद झालेली असते. इंग्लंडमधील जॉड्रेल बँकच्या दुर्बिणीने वारंवार प्रयत्न झाले, इतरत्रही झाले. हाती काही लागले नाही. तेथे पूर्वी काम केलेले गेरिट व्हर्शूर यांनी अमेरिकेतील ग्रीन बँकच्या १४० फुटी दुर्बिणीने १९६८ साली शर्मिष्ठेतील एका प्रखर रेडिओस्रोताच्या दिशेने तो दुभंग निश्चितपणे दाखविला, तेव्हा सूचना येऊन अकरा वर्षे लोटली होती. मधल्या वायूत सुमारे १० ते २० मायक्रोगॉसचे क्षेत्र आढळले.

पुढील चाळीस वर्षे हीच पद्धती घेऊन रिचर्ड क्रचर, टॉमस ट्रोलंड, कार्ल हाइल्स प्रभृतींनी चिकाटीने मापे जमविली. हायड्रोजनऐवजी दाट ढगांत आढळणाऱ्या हायड्रॉक्सिल रेणूची रेषा त्यांनी वापरली. २००८ साली ट्रोलंड व क्रचर यांनी पोर्तो रिकोमधील अरेसिबो दुर्बिणीने वेध घेतलेल्या ३४ काळ्या गाभ्यांचे निकाल दिले. क्षेत्र निश्चित सापडले ९ ठिकाणी. आणि सरासरीने पाहता ते, ढगास तोलून धरण्यासाठी जेवढे हवे, त्याच्या निम्म्याच्या आसपास भरले. म्हणजे चुंबकत्व दुर्लक्ष करण्याजोगे नाही, पण एकट्याने ढग पेलण्याइतकेही नाही. याच सुमारास दुसरा पक्ष बळावला होता. ढग आवरले जातात ते मुख्यतः वायूच्या प्रचंड खळबळीने, आणि एखाद्या जागी ती शमली अथवा दोन लोट आदळले की तेथे तारा झटपट घडतो, असे त्याचे म्हणणे. २००९ साली क्रचर व सहकाऱ्यांनी चार ढगांत मध्य आणि परिघ यांची तुलना केली. पाझर होऊन गाभा बनला असेल तर गाभ्यात द्रव्याच्या मानाने चुंबकत्व कमी पडले पाहिजे. त्यांस उलटेच दिसले. मुशोव्हियास आणि त्यांचे सहकारी यांनी या मापांच्या अर्थावर कडाडून आक्षेप घेतले. एखाद्या उपपत्तीत आयुष्य ओतलेल्या माणसाने तिच्यासाठी असे भांडावे हे स्वाभाविक आहे, आणि केवळ चार ढगांवरून निकाल देऊ नये, हे त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊही नव्हते.

२००९ साली अवकाशात सोडलेल्या प्लांक या युरोपीय उपग्रहाने धुळीच्या स्वतःच्या ध्रुवीकृत प्रारणावरून साऱ्या आकाशाचा चुंबकीय नकाशा काढला. त्यात जवळच्या दहा ढगांचा अभ्यास करता असे दिसले की, विरळ भागांतील तंतू बलरेषांना समांतर पसरतात, तर दाट भागांतील कणे त्यांच्याशी काटकोनात उभे राहतात. वायू मण्यांप्रमाणे रेषांवरून घरंगळत येऊन थरात साचावा, असेच हे चित्र आहे. तेव्हा चुंबकत्वाने ढग पेलला नाही तरी त्यास आकार दिला, हे नाकारणे कठीण झाले.

अरेसिबोची दुर्बीण १९२० नव्हे, तर आपल्याच काळात, १ डिसेंबर २०२० रोजी कोसळून नष्ट झाली. तिचे काम चीनमधील ग्वेजो प्रांतातील ५०० मीटर व्यासाच्या दुर्बिणीने पुढे चालविले आणि ती वळली ती पुन्हा त्याच वृषभातील काळ्या ढगांकडे. तेथील एल १५४४ या नावाच्या गाभ्यात अजून तारा पेटलेला नाही. तो जन्माच्या उंबरठ्यावर आहे. अरेसिबोच्या वेधांनी त्याच्या अंतर्भागात सुमारे ११ मायक्रोगॉस मोजले होते. २०२२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या मापाने त्याच्या बाहेरील वेष्टनात ३.८ मायक्रोगॉस क्षेत्र असल्याचे दाखविले, आणि त्यातील चूक ०.३ हून अधिक नाही. हे वेष्टन अद्याप चुंबकत्वाच्या आधारे उभे असावयास हवे होते. परंतु मापावरून त्याने तो आधार केव्हाच सोडला आहे. म्हणजे वायूने आपले चुंबकत्व टाकले ते गाभ्यात, दशलक्षावधी वर्षे पाझरून नव्हे, तर त्याआधीच्या अवस्थेत व बरेच लवकर. ते नेमके कसे, हा प्रश्न आता वादाच्या मध्यभागी येऊन बसला आहे.

हॉल आणि हिल्टनर यांची मूळची पद्धतीही मागे पडलेली नाही. त्यांना एकेका ताऱ्यावर यंत्र रोखून बसावे लागे. पुण्याच्या आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रात, म्हणजे ‘आयुका’त, ज्या दोन ध्रुवीकरणमापकांची रचना झाली, ते एकाच वेळी आकाशाच्या विस्तृत तुकड्यातील असंख्य ताऱ्यांचे ध्रुवीकरण टिपण्यासाठी आहेत, एक क्रीट बेटावरील स्किनाकस येथील दुर्बिणीसाठी आणि दुसरा दक्षिण आफ्रिकेतील सदरलंड येथील दुर्बिणीसाठी. गाया या उपग्रहाने ताऱ्यांची अंतरे मोजून ठेवल्यामुळे, जवळच्या ताऱ्याचे ध्रुवीकरण दूरच्यातून वजा करून, कोणत्या ढगात बलरेषा कोणत्या दिशेस धावतात, हे एकामागून एक थर उलगडून पाहता येते.